नवशिक्यांचा फड

खडकी हे नाव इतिहासाच्या पुस्तकात येते ते लढाईसाठी. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी बापू गोखल्यांच्या फौजेची आणि इंग्रजांची इथल्याच माळावर गाठ पडली, आणि पुढे पेशवाईचे काय झाले ते शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. लढाईनंतर छावणी आली, छावणीमागून बाजार आला, १८६९ साली दारूगोळ्याचा कारखाना आला. तेव्हा बार उडविण्याची परंपरा आमच्या गावात जुनी. वाद तोंडाने मिटविण्याची नव्हे. व्याख्याने ऐकावयाची तर आम्ही पुण्यास जात असू. (पुणे आमच्या अंगणापर्यंत येऊन भिडले, तरी खडकीचा जुना माणूस अजून 'पुण्याला जाऊन येतो' असेच म्हणतो.)

अशा गावात शाळकरी मुलांचा वादविवादाचा एक फड पंचावन्न वर्षांहून अधिक काळ चालला, असे मी पेठांतल्या स्नेह्यांना सांगतो तेव्हा ते चष्मा वर करून माझ्याकडे पाहतात. "खडकीस? वादविवाद?" त्यांचा दोष नाही. फड वर्तमानपत्रात कधी आला नाही. कागदोपत्री त्याला लांबलचक नाव होते आणि ते चिटणिसाखेरीज कोणाला पाठ नव्हते. आम्ही त्याला नवशिक्यांचा फड म्हणत असू, कारण नवशिक्यांखेरीज त्यात कोणाला उतरताच येत नसे. तो आता बंद पडला आहे. मी त्यात आधी मुलगा म्हणून बोललो, पुढे शिक्षक झाल्यावर त्याचा चिटणीस झालो. आणि तो बंद पडण्यात माझाही हात आहे, म्हणून हे लिहावयास बसलो.

खडकी, बोपोडी, दापोडी, औंध, पिंपरी या बाजूच्या शाळा त्यात असत. भरभराटीच्या दिवसांत अकरा होत्या. पावसाळ्यापासून नाताळापर्यंत महिन्यातून दोन शनिवार दुपारी हा फड भरे, आज या शाळेत, पुढच्या खेपेस त्या. दापोडीची मुले हॅरिस पुलावरून चालत येत आणि पावसात निम्मी भिजून बाकांवर बसत. माइक नाही, मंडप नाही. एक टेबल, एक पितळी घंटा आणि पाण्याचा तांब्या.

नियम मात्र कडक होते. पाचवी ते आठवीची मुले. प्रत्येक शाळेची दोन. विषय आठवडाभर आधी कळे, पण बाजू कोणती ते तिथे गेल्यावर चिठ्ठी उचलून ठरे, आणि मग विचाराला पंधरा मिनिटे. भाषण चार मिनिटांचे, हातात कागद नाही. दुसऱ्या बाजूने बोलणाऱ्याने आधी पहिल्याचे म्हणणे आपल्या शब्दांत सांगावयाचे, आणि 'होय, मी असेच म्हणालो' असे पहिला कबूल करी तोवर उत्तराला आरंभ करावयाचा नाही. शेवटी एकमेकांस एकेक प्रश्न. भाषेच्या चुकीला गुण कापावयाचे नाहीत. आणि सर्वांत महत्त्वाचा नियम असा की, ज्याने कोठेही पहिला नंबर काढला आहे त्याने पुन्हा फडात उतरावयाचे नाही. त्याने पुढच्या वर्षी घंटा वाजवावी.

हे नियम आमच्या मराठीच्या गुरुजींनी घालून दिले होते. गुरुजी संस्कृतात मुरलेले. न्यायशास्त्रात गौतमाने भांडणाचे तीन प्रकार सांगितले आहेत, असे ते आम्हांला दर वर्षी नव्याने ऐकवीत. खरे काय ते शोधण्यासाठी चालतो तो वाद. जिंकण्यासाठी चालतो तो जल्प. आणि स्वतःची बाजूच न मांडता दुसऱ्याची नुसती मोडत सुटणे म्हणजे वितंडा. समोरच्याचे म्हणणे आधी मांडावयाचे हा पूर्वपक्ष, तो जुन्या शास्त्रकारांनी कधी चुकविला नाही. "पूर्वपक्ष ज्याला नीट मांडता येत नाही," असे गुरुजी म्हणत, "त्याला उत्तर देण्याचा अधिकार कोणी दिला?" आम्ही अकरा-बारा वर्षांची पोरे, आम्हांला त्यातला 'वितंडा' हा शब्दच काय तो लक्षात राही, आणि तो आम्ही घरी बहिणींवर वापरीत असू.

मी फडात पहिल्यांदा उभा राहिलो तो १९६४ साली, सातवीत असताना. विषय होता 'लेखणी श्रेष्ठ की तलवार'. या विषयाने महाराष्ट्रात किती पिढ्यांचा घाम काढला आहे याची मोजदाद कोणी करील तर बरे होईल! मला चिठ्ठी आली लेखणीची. मी खूष झालो, कारण लेखणीच्या बाजूने बोलावयास खूपच असते. व्यास, वाल्मीकी, ज्ञानेश्वर, टिळकांचा केसरी, सगळे माझ्या पदरी. समोर जो मुलगा होता त्याचे वडील छावणीच्या बाजारात गणवेश शिवीत. घरी तमिळ, बाजारात हिंदी, आणि शाळेत जेमतेम जमविलेले मराठी. खडकीत अशी घरे पुष्कळ. कारखान्याने आणि पलटणीने देशभरची माणसे इथे आणून बसविली होती. मी त्याच्याकडे पाहिले आणि मनात म्हटले, ढाल आपलीच. (ढाल तेव्हा नव्हती, ती पुढे आली आणि तिनेच घात केला.)

त्याने माझे म्हणणे दोन वाक्यांत सांगितले. मी 'होय' म्हटले. मग तो गुरुजींकडे वळून म्हणाला, "तलवार वाईट, तर ह्याचा घरातला चूल कशावर पेटतो?"

माझे वडील काडतुसांच्या खात्यात होते. वर्गातल्या निम्म्या पोरांचे वडील तिथेच होते. चूल पुल्लिंगी झाली तरी कोणी हसले नाही. मी तोंड उघडले, मिटले, पुन्हा उघडले. घंटा वाजली. रात्री घरी हा अन्याय मी वडिलांच्या कानांवर घातला. ते जेवत होते. त्यांनी घास खाली ठेवला, थोडा वेळ विचार केला आणि म्हणाले, "पोरगा बरोबर बोलला." एवढेच. पण त्या रात्री मला प्रथम उमगले की, ज्याच्याशी वाद घालावयाचा तोही डोके घेऊन येतो.

बाजू चिठ्ठीने ठरविण्यावर पालकांची नाराजी तेव्हाही होई. एकदा 'शाळेत लष्करी शिक्षण सक्तीचे असावे काय' या विषयावर सॅपर्समधल्या एका सुभेदारांच्या मुलाला 'नसावे' ही चिठ्ठी आली, आणि पोराने ती बाजू इतकी झकास मांडली की नंबर आला. सोमवारी सुभेदारसाहेब शाळेत हजर. गुरुजींनी त्यांना खुर्ची दिली, चहा मागविला आणि विचारले, "साहेब, तुम्ही वाळूच्या नकाशावर लढाईचा अभ्यास करता तेव्हा एकजण शत्रूच्या बाजूने उभा राहतो ना?" सुभेदार म्हणाले, "राहावेच लागते." "मग तो फितूर होतो का?" सुभेदारांनी चहा संपविला, मिशी पुसली आणि पुढच्या शनिवारी ते स्वतः मागच्या बाकावर येऊन बसले.

वास्तविक अशा मंडळांची आपल्याकडे वाण नव्हती. मुंबईस एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी १८४८ साली आपली साहित्य-विज्ञान सभा काढली, तीत दादाभाई नौरोजी होते, आणि तिच्या मराठी शाखेत निबंध वाचून त्यांवर चर्चा करण्याची पद्धत होती. पुण्यास न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली. ती चालविणाऱ्या सभेचे नावच वक्तृत्वोत्तेजक सभा. या थोर संस्थांच्या पंक्तीला आमच्या फडाला बसवावे असे मी म्हणत नाही. पण त्या सभांतून बोलणारे लोक बहुधा आधीच शिकलेले असत. आमच्याकडे ज्याला बोलता येत नाही त्यालाच उभे करीत. फरक एवढाच, पण तो मोठा आहे.

आता मी चिटणीस झाल्यानंतरची हकीकत.

गुरुजी निवृत्त झाले. बाजारातल्या एका सद्गृहस्थांनी, हेतू अगदी चांगला, फडाला चांदीच्या पत्र्याची एक फिरती ढाल दिली. शाळांच्या मुख्याध्यापकांना तोवर फड कोठे भरतो हेही ठाऊक नसे. आता ढाल कोणाच्या कपाटात आहे यावर बैठकी होऊ लागल्या. ढाल हवी म्हणजे जिंकणारा मुलगा हवा. जिंकणारा म्हणजे कसलेला. कसलेल्याला तर आपला नियम घंटा वाजवावयास लावतो!

मग नियमाला अर्थ लावण्याचे काम सुरू झाले. या कामात आपण शिक्षक मंडळी फार हुशार. 'कोठेही पहिला नंबर' म्हणजे आपल्या फडात पहिला नंबर, असे एका वर्षी ठरले. पुढच्या वर्षी 'मागील सलग दोन वर्षांत' अशी पुस्ती जोडली. १९८६ साली नियम सरळ वगळण्याचा ठराव आला. त्यावर मते समसमान पडली आणि चिटणीस म्हणून माझे निर्णायक मत मी ठरावाच्या बाजूने टाकले. माझी त्या वेळची कारणे मला चांगली आठवतात: हुशार मुलांवर अन्याय का, दर्जा वाढेल, मुलांपुढे आदर्श राहील. खरे कारण असे होते की माझ्या वर्गात त्या वर्षी एक मुलगी होती, तिच्याकडे तीन करंडक होते, आणि चौथी ढाल आपल्या शाळेत यावी असे मला वाटत होते.

अंतिम फेरीत ती बोलली. विषय परीक्षांचा होता. भाषण मी लिहिले होते. हो, मीच. चिठ्ठीचा नियम तोवर ढिला होऊन बाजू आधी कळू लागली होती. सुरुवातीला श्लोक, मध्ये आकडे, शेवटी आवाज चढवून एक आवाहन. चार मिनिटांना दोन सेकंद कमी. टाळ्यांचा कडकडाट झाला.

तिच्यासमोर बोपोडीचा एक मुलगा होता, घरचा धंदा इस्त्रीचा. पहिलेच वर्ष. पूर्वपक्षाचा नियम अजून शिल्लक होता, तेव्हा तिचे म्हणणे त्याला सांगावयाचे होते. तो उभा राहिला, बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "ताई काय म्हणाल्या ते मला सगळं कळलं नाही. परीक्षेनं माणूस घडतो म्हणाल्या, पण कसा घडतो ते सांगितलं का? परत सांगतील का?"

सभागृह हसले. परीक्षकही हसले. माझ्या विद्यार्थिनीने तेच वाक्य पुन्हा म्हटले, शब्दाला शब्द, हाताच्या त्याच हालचालीसह. कारण दुसरे काही तिच्यापाशी नव्हते, मी दिलेच नव्हते. पुन्हा हशा झाला, तोही त्या मुलावरच. तो खाली बसला, त्याची उरलेली तीन मिनिटे तशीच गेली. ढाल आमच्या कपाटात आली.

तो मुलगा पुढच्या वर्षी आला नाही. त्याच्या शाळेने मग कसलेला मुलगा धाडला. मला हे उमगावयास काही वर्षे गेली की त्या दुपारी अख्ख्या सभागृहात वाद जर कोणी घातला असेल तर तो त्या एकट्याने. न कळलेली गोष्ट 'कळली नाही' असे सांगून त्याने नेमके जिथे बोट ठेवावयाचे तिथे ठेवले होते, आणि आम्ही बी.ए., बी.एड. झालेली माणसे दात काढीत होतो. बोपोडीत इस्त्रीचे दुकान दिसले की मी अजून आत डोकावतो. ओळखू येईल असे नाही.

पुढची उतरण भराभर झाली. प्रश्नोत्तरे गेली, कारण 'मुले गोंधळतात'. पूर्वपक्ष गेला, कारण त्यात वेळ जातो. उरले ते एकामागून एक भाषण. त्याला वक्तृत्व म्हणावे, वाद म्हणू नये. दोन मुलांनी परस्परांकडे न पाहता परीक्षकांकडे पाहून बोलावयाचे, याला वाद कसे म्हणावे? भाषण पाठच असावयाचे, मग ते गुरुजींनी लिहिले काय आणि पुढे पुढे पैसे देऊन लिहून घेतले काय! नवखा मुलगा एकदा येई, कसलेल्यांचे हातवारे पाही आणि पुन्हा येत नसे. नवशिके नाहीत म्हणून लहान शाळा गळाल्या. अकराच्या सात झाल्या, साताच्या चार.

लोक टीव्हीला दोष देतात. मी देत नाही. 'रामायण' रविवारी सकाळी लागे, आमचा फड शनिवारी दुपारी. शिकवण्यांनी शनिवारची दुपार खाल्ली हे मात्र खरे. मुले शाळेच्या बसने येऊ-जाऊ लागली आणि बस कोणासाठी थांबत नाही, हेही खरे. पण आमच्या काळी मुले पावसात पूल ओलांडून येत होती, ती काही त्यांना दुसरा उद्योग नव्हता म्हणून नव्हे. येऊन काही होत होते म्हणून येत होती.

मौज पाहा, आम्ही जे जुनाट म्हणून टाकले ते जगाने उचलले. शाळकरी मुलांची जागतिक वादविवाद स्पर्धा १९८८ साली ऑस्ट्रेलियात सुरू झाली. तीत काही विषय ऐनवेळी देतात आणि तयारीला तासभरच मिळतो. प्रतिस्पर्ध्याच्या मुद्द्याला उत्तर देणे हा तर तिचा प्राणच. आज पुण्यातल्या मोठ्या इंग्रजी शाळांतून अशा स्पर्धा होतात, अभिरूप संयुक्त राष्ट्रसंघ भरतात, मुले कोट घालून फ्रान्स आणि ब्राझील होतात. होऊ द्यावे, त्यात वाईट काही नाही. पण त्याला प्रवेश फी असते आणि इंग्रजी लागते. 'ह्याचा चूल' म्हणणाऱ्याला तिथे उभे कोण करणार?

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. फड तेव्हा नावालाच होता. मी तर कधीच निवृत्त झालो होतो. तरुण शिक्षकांनी उत्साहाने ठरविले की मुलांनी घरून भाषणाचे चित्रण करून फोनवर पाठवावे, आणि मला परीक्षक नेमले. मी बसून तेवीस भाषणे पाहिली. एका मुलीचे डोळे डावीकडून उजवीकडे आणि पुन्हा डावीकडे असे सारखे फिरत होते. कागद फोनच्या मागे चिकटविला असावा. एक मुलगा मध्येच अडला, तर बाहेरून आईचा दबका आवाज आला, "परत पहिल्यापासून." मला हसू आले नाही. भाषण चुकले तर पुन्हा पहिल्यापासून म्हणता येते, ही सोय आम्हीच १९८६ सालापासून मुलांना लावीत आलो होतो. फोनने ती फक्त घरपोच केली. समोर बाजू मांडणारा दुसरा कोणी नव्हताच. तो आम्ही आधीच घालविला होता.

शाळा उघडल्यावर फड कोणी काढला नाही. ढाल एका शाळेच्या कपाटात आहे असे ऐकतो.

गेल्या गणपतीत आमच्या इमारतीतल्या मुलांचे 'कार्यक्रम' बसवावयाचे होते. मी भीत भीत म्हटले, मला एक तास द्या. पाच मुले आली. विषय मी नव्हे, त्यांनीच काढला: लिफ्ट लहान मुलांना एकट्याने वापरू द्यावी की नाही. चिठ्ठ्या टाकल्या. जी दहा वर्षांची मुलगी रोज लिफ्टसाठी वॉचमनशी भांडते तिला 'देऊ नये' ही बाजू आली. ती रडकुंडीला आली. मग डोळे पुसून तिने समोरच्या मुलाचे म्हणणे सांगावयास आरंभ केला, दोनदा चुकली, तोही दोनदा 'नाही, मी असं नाही म्हणालो' म्हणाला. तिसऱ्यांदा त्याने मान हलविली. पुढे ती म्हणाली, "आजोबा चौथ्या मजल्यावर राहतात. आम्ही खेळत बसलो तर ते खाली कसे येणार?" चौथ्या मजल्यावर राहणारे आजोबा म्हणजे मी.

कार्यक्रम संपल्यावर त्या मुलीच्या आई माझ्यापाशी आल्या. "छान झालं हो काका. प्रमाणपत्र मिळेल ना?"

मी म्हटले, नाही. पुढच्या शनिवारी पाचांपैकी तीन मुले आली. गणपतीतला पहिला नंबर त्या मुलीचा होता. तिच्या हातात मी घंटा दिली. घंटा पितळी नाही, देवघरातली आहे. सौभाग्यवतींनी ती संध्याकाळच्या आरतीपूर्वी परत करण्याच्या अटीवर दिली आहे.